एका लाइनला एक पास

डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?" आणि उत्तर द्यायच्या आधी धाकटीनं ताईकडे पाहिलं.

लहानपणी गृहपाठ केलेला नसला की ती असंच पाहायची. आठ खाटांचा वॉर्ड होता, आणि खिडकीजवळची खाट धाकटीची. तीन दिवस ताप उतरत नव्हता, पाठीत कळा येत होत्या, लघवीतून रक्त जात होतं. चाळिशीसुद्धा न गाठलेली बाई चादरीखाली पाय पोटाशी घेऊन पडली होती.

"सांग ना," ताई म्हणाली. "डॉक्टर विचारतायत."

"सकाळी निघताना अर्धा ग्लास," धाकटी म्हणाली. "मग एकदम घरी आल्यावर."

"आणि मधे?"

"मधे नाही."

"मधे म्हणजे दहा तास!" डॉक्टर वयानं लहान होत्या, त्यांना राग लपवता येत नव्हता. "अहो, डावी किडनी निम्म्यावर आलीय तुमची. उजवीला सूज आहे. आणखी एकदा असं इन्फेक्शन झालं ना, तर मशीनवर रक्त साफ करायची पाळी येईल. दिवसाला तीन लिटर पाणी, आणि दर दोन तासांनी लघवीला जायचंच. दाबून ठेवायची नाही. एवढी साधी गोष्ट! कोणी शिकवलं नाही का तुम्हाला?"

ताईच्या गळ्यात आरोग्य खात्याचं ओळखपत्र होतं. त्यावर तिचा हसरा फोटो, आणि फोटोखाली ठळक अक्षरांत 'आरोग्य शिक्षिका'. तिनं ते हळूच उलटं केलं.

शिकवलं नाही कसं? वीस वर्षं शिकवत होती ती. शाळा, कारखाने, वस्त्या, जिथे चार माणसं बसतील तिथे. हात कसे धुवायचे, दात कसे घासायचे, तंबाखू का सोडायची, पाणी किती प्यायचं. पाण्यावरचं भाषण तर तिचं इतकं तोंडपाठ होतं की फोडणी देतादेता म्हणून दाखवेल. धाकटी ज्या शिवणकारखान्यात कामाला होती, तिथे ती सहा वर्षं दर तीन महिन्यांनी जायची. तिथल्या बायकांनी तिचं नाव 'पाणीवाल्या बाई' असं ठेवलं होतं, आणि या बयेला त्याचं भारी कौतुक होतं. घरी येऊन सांगायची, "मला पाणीवाल्या बाई म्हणतात हं तिथे!" आणि त्या सहा वर्षांत तिसऱ्या रांगेत, खांबाशेजारी, तिची सख्खी धाकटी बहीण बसलेली असायची. मान डोलवायची. हजेरीच्या कागदावर सही करायची.

डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेल्या तशी ताईनं आवाज चढवला. "अगं, मी काय घसा कोरडा करत होते का तिथे? बाहेरच्या बायकांनी ऐकलं नाही तर समजू शकते, तू? तू पण?"

"हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! बाटल्या वाटल्या होत्या मी. साहेबांच्या मागे लागून, प्रत्येकीला एक. मशीनवर ठेवलेल्या होत्या सगळ्यांच्या, मी फोटो काढलेत!"

"त्यात आम्ही बॉबिनी ठेवतो," धाकटी म्हणाली.

"काय?"

"बॉबिनी. मशीनच्या दोऱ्याची रिळं. तोंड रुंद आहे बाटलीचं. पटकन हात जातो."

ताई मटकन स्टुलावर बसली. तो फोटो तिच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर होता. मशीनची लांबच लांब रांग, आणि प्रत्येक मशीनवर निळी बाटली. बाटलीवर छापलेलं, 'आठ ग्लास, रोज, न चुकता'.

मग धाकटीनं सांगितलं. छताकडे बघत, एकेक वाक्य, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. प्रत्येक लाइनला चाळीस बायका, आणि चाळीस बायकांना मिळून एक पास. तळहाताएवढं लाल प्लास्टिक, त्यावर लाइनचा नंबर. सुपरवायझरच्या टेबलामागे खिळ्याला टांगलेलं असतं. ते गळ्यात घातल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही. फळ्यावर गेल्याची वेळ लिहायची, आल्याची लिहायची. सात मिनिटं. आठवं मिनिट लागलं की सुटीच्या वेळी नाव वाचून दाखवतात, आणि लाइनचं टार्गेट राहिलं तर त्याचं खापरही तिच्यावरच. दुसऱ्यांदा पास मागितला की सुपरवायझर सगळ्यांदेखत विचारते, "काय गं, दिवस गेलेत का?" लाइनभर पुरुष हेल्पर फिरत असतात.

"म्हणून मग आम्ही पीतच नाही," धाकटी म्हणाली. "रात्रीच्या जेवणानंतर बंद, सकाळी तेवढा अर्धा ग्लास. उन्हाळ्यात जरा चक्कर येते. सवय होते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि हे तू मला सहा वर्षांत एकदा सांगितलं नाहीस!"

"काय सांगायचं? सांगितलं असतं तर तू जाऊन भांडली असतीस. भांडून झालं की तू तुझ्या घरी गेली असतीस. मला तिथेच बसायचं होतं, मशीनवर." धाकटीनं पहिल्यांदा ताईच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि तू इतकी छान बोलत होतीस. मधेच उठून काय सांगायचं?"

धाकटीच्या मुलीनं, वय वर्षं अकरा, खाटेच्या पायथ्याशी बसल्याबसल्या भर घातली, "मी पण शाळेत नाही पीत, मावशी. आमच्या इथे कडीच नाहीये दाराला." त्या शाळेतसुद्धा ताईचं भाषण झालं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

डॉक्टरांनी पंधरा दिवस विश्रांती सांगितली. कारखान्यानं आठ दिवस दिले. नवव्या दिवशी मशीन दुसरीला. नवरा वारल्यापासून ते घर धाकटीच्या एकटीच्या पगारावर उभं होतं, तेव्हा नवव्या दिवशी ती जाणार हे सूर्यप्रकाशाइतकं स्पष्ट होतं. काम सोडलं तर खायचं काय, आणि काम धरलं तर दर दोन तासांनी जायचं कसं? ताईनं डोकं चालवून चालवून थकवलं, पण तिसरा रस्ता दिसेना.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. सहा वर्षांत पहिल्यांदाच भाषणाशिवाय. आणि पहिल्यांदाच तिनं शिपायाला विचारलं, "बायकांचं बाथरूम कुठे आहे?"

"तुम्हाला जायचंय का बाई? वर ऑफिसात आहे की, नेहमीचं."

"मला नाही जायचं. बघायचंय."

शिपाई तिच्याकडे बघतच राहिला. आता बघा, या बाईनं वीस वर्षांत किती दारं ठोठावली असतील, पण हे दार कधी उघडून पाहिलं नव्हतं! शिवणाच्या मजल्यावरून जिना उतरायचा, कापडाच्या गाठींमधून वाट काढायची, पटांगण ओलांडायचं, जनरेटरला वळसा घालायचा. ताईनं घड्याळ लावून चालून पाहिलं. भरभर चालली तरी जायला तीन मिनिटं. यायला तीन. म्हणजे कामाला उरलं एक, तेही दारं मोकळी असतील तर. दारं आठ होती. तीन दारांना कुलूप. एकात छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. उरलेल्या चारांपैकी एकाला कडी नव्हती, तिथे दोरी बांधलेली. आणि नऊ लाइनींच्या मिळून बायका तीनशे साठ. ताईनं भिंतीला हात टेकला, आणि स्वतःला अशा काही शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत.

तशीच ताडताड जिना चढून ती मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरली. मॅनेजरसाहेब गोड माणूस. कधी कोणावर ओरडणार नाही, खुर्ची द्यायला स्वतः उठणार. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, उसासा टाकला.

"बाई, तुम्ही म्हणता ते अगदी खरंय. माझंही हेच म्हणणं आहे. जागृती कमी पडतेय."

"जागृती?"

"या बायकांना आरोग्याचं महत्त्वच कळत नाही हो. आपण एवढ्या बाटल्या दिल्या, पितात का? म्हणून तर तुमच्यासारख्यांची गरज आहे. पुढच्या गुरुवारी आपला आरोग्यदिन आहेच. खरेदीदारांचे दोन पाहुणे येतायत तपासणीला. त्यांच्यासमोर तुम्ही जोरदार भाषण द्या. यंदा मोठ्या बाटल्या काढू. लिटरच्या."

"साहेब, तीन दारांना कुलूप का आहे?"

"बायका तिथे जाऊन गप्पा मारत बसतात."

"आणि एक पास?"

"शिस्त," साहेब म्हणाले, आणि अजूनही हसत होते. "प्रत्येकाचं काम वेगळं असतं, बाई. तुमचं शिकवायचं. माझं चालवायचं. एकमेकांच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?"

खात्यातल्या मोठ्या मॅडमकडे गेली, तर तिथे वेगळीच तऱ्हा. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे बघ, आपण तपासणी खातं नाही. आपलं काम शिक्षण. यंदा सतरा कारखान्यांत आपण चोवीस हजार लोकांपर्यंत पोहोचलो. हा कारखाना आपल्या यादीतला सगळ्यात चांगला. आदर्श कार्यस्थळाचं प्रमाणपत्र गुरुवारी त्यांना द्यायचंय, पाहुण्यांसमोर, तुझ्या हस्ते. उगाच काड्या घालू नकोस."

"मॅडम, माझ्या बहिणीची किडनी गेली तिथे."

"वाईट वाटलं ऐकून," मॅडम म्हणाल्या. "तिला पाणी प्यायला सांग."

त्या खोलीत पेपरवेट होता. ताईनं तो उचलला नाही, एवढंच.

घरी येऊन तिनं नवीन भाषण लिहायला घेतलं. गुरुवारी, पाहुण्यांसमोर, माईक हातात आला की एकेकाचे वाभाडे काढायचे. कुलपं, खोकी, दोरी, पास, सगळं. लिहिताना, खरं सांगायचं तर, तिला बरं वाटत होतं. रविवारी संध्याकाळी ती हे कागद घेऊन धाकटीकडे गेली, तर तिथे एक पाहुणी बसलेली. साठीला टेकलेली, सडसडीत, बोटांची टोकं सुयांनी टोचून टोचून टणक झालेली. एकोणीस वर्षं ती फक्त कॉलर लावत होती, म्हणून सगळा कारखाना तिला कॉलरमावशी म्हणायचा.

ताईनं दोघींना भाषण वाचून दाखवलं. चांगलं झणझणीत होतं.

"झालं?" कॉलरमावशीनं विचारलं. "आता मी सांगते काय होईल. तुम्ही दुसऱ्या वाक्याला पोचलात की माईक बंद होईल. साहेब म्हणतील, बाईंची तब्येत बरी नाही. तुम्हाला रिक्षात घालतील. आणि शुक्रवारी सकाळी हिला विचारतील, ही तुझीच बहीण ना? हिला घरी बसवतील. मग किडनी घेऊन काय चाटायचीय का हिनं?"

"मग मी गप्प बसू? मूग गिळून? प्रमाणपत्र देऊ त्यांना हसतहसत?"

"हो."

"मावशी!"

"गप्प नका बसू. तुमचं नेहमीचं भाषण द्या. एक अक्षर बदलायचं नाही. आठ ग्लासांचं, किडनीचं चित्र, दाबून ठेवू नका, ते सगळं. आणि शेवटी तो फोटो असतो ना, सगळ्यांनी ग्लास वर धरून पाणी प्यायचा?"

"त्याचं काय?"

"इतकी वर्षं आम्ही तो ग्लास तोंडाला लावतो आणि नंतर कुंडीत ओततो," मावशी म्हणाली. "यंदा पिऊ म्हणतो."

ताईला कळायला दोन क्षण लागले. धाकटीला आधीच माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण हॉस्पिटलमधला तो मेलेला चेहराही नव्हता.

"सगळ्या?"

"नऊच्या नऊ लाइनी. तोंडी चाललंय गेले चार दिवस, बॉबिनीबरोबर. आम्ही संप नाही करणार, घोषणा नाही देणार, मशीन बंद नाही करणार. शिकवलं तसं वागणार. शिकवलं तसं वागल्याबद्दल कोणाला काढतात ते बघू, तेही पाहुण्यांदेखत. पण त्यासाठी तुमचं तोंड बंद पाहिजे, बाई. तुम्हाला राग आलाय हे मान्य. आम्हाला तो आधीपासून आहे."

ताईनं कागदांची घडी केली. आयुष्यात इतकं झोंबलं नव्हतं तिला काही. कारण मावशी बरोबर होती, आणि कारण तिच्या सगळ्या चिडचिडीला तिथे कवडीची किंमत नव्हती. तिच्याकडून त्यांना हवं होतं ते एवढंच, ज्या भाषणाची तिला आता शिसारी आली होती ते भाषण.

गुरुवारी, धाकटी कामावर परतली त्याच दिवशी, तिनं ते दिलं. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची, त्यातली वीस मिनिटं भाषणाला. सहा वर्षं हेच चाललं होतं आणि तिला कधी वाटलं नव्हतं की या बायका जेवतात कधी. जेवणघरात बायकांच्या रांगा, पुढे खुर्च्यांवर मोठ्या मॅडम, मॅनेजरसाहेब, आणि दोन पाहुणे, एक उंच बाई आणि एक वही घेतलेला तरुण. ताईनं किडनीचं चित्र भिंतीवर लावलं. "आपल्या शरीरात ही दोन गाळणी असतात," ती म्हणाली, आणि तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी पाहणं तिनं टाळलं. "त्यांना पाणी लागतं. दर दोन तासांनी लघवीला जायला हवं. दाबून ठेवू नका. शरीर काही सांगत असेल तर ते ऐका." सगळं तेच. फक्त आवाज मधूनच घोगरा होत होता. साहेबांना ते भावलं, त्यांनी पाहुण्यांकडे बघून मान डोलावली.

मग प्रमाणपत्र. ताईनं ते दोन्ही हातांनी दिलं. साहेबांनी तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग ग्लास आले.

"चला, सगळ्यांनी एकदम!" फोटोवाला ओरडला.

तीनशे साठ बायकांनी ग्लास तोंडाला लावले, आणि त्या प्यायल्या. कोणी गटागटा, कोणी घोट मोजत, कोणी डोळे मिटून. एकीला ठसका लागला. कॉलरमावशीनं रिकामा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "अजून द्या." तिच्यामागून सगळी लाइन म्हणाली, अजून द्या. पिंप रिकामं झालं तसं साहेबांनी स्वतः दुसरं मागवलं. पाहुण्या बाईंना ते फार आवडलं. "किती चांगला प्रतिसाद!" त्या मोठ्या मॅडमना म्हणाल्या, आणि मॅडम लाजल्या.

दीड वाजता घंटा झाली. मशीनची घरघर सुरू झाली. पाहुणे मजल्यावर फिरू लागले, कडांची शिलाई बघत, दिव्यांबद्दल विचारत. साहेब पुढे, मॅडम मागे, आणि ताई सगळ्यांच्या मागे, जिन्यापाशी, नखं कुरतडत.

दोनला दहा मिनिटं असताना पहिल्या लाइनीतून हात वर झाला. "पास." सुपरवायझरनं दिला. लगेच दुसरा हात. "पास." मग पाच. मग पंधरा. मग नऊही लाइनींतून, जिथे बघावं तिथे हात. कोणी ओरडत नव्हतं. फक्त हात वर धरून बसल्या होत्या.

"थांबा जरा, एक गेलीय ना!" चौथ्या लाइनीची सुपरवायझर करवादली.

"थांबायचं नाही म्हणून सांगितलंय बाईंनी," एक पोरगी म्हणाली. "दाबून ठेवू नका म्हणाल्या. आत्ताच."

पाहुण्या बाईंनी विचारलं, "पास म्हणजे काय?"

साहेबांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात चौथ्या लाइनीतून धाकटी उठली. पासाशिवाय. आठ दिवसांच्या आजारपणानं तिचे कपडे तिला सैल झाले होते. ती मशीन आणि टेबल यांच्यामधून सरळ चालत निघाली, सुपरवायझरच्या समोरून, साहेबांच्या समोरून. तिच्यामागे दुसरी उठली. मग कोण पहिलं नि कोण दुसरं ते कळेनासंच झालं. मशीन एकेक करत थांबत गेल्या, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ताईला त्या मजल्यावर माणसांच्या चपलांचा आवाज ऐकू आला.

रांग जिन्यावरून खाली, गाठींमधून, पटांगणातून, जनरेटरला वळसा घालून चार दारांपर्यंत. पाहुणा तरुण रांगेबरोबर चालत गेला आणि वहीत काहीतरी लिहू लागला. कुलपं. खोकी. दोरी. त्याला काही दाखवावं लागलं नाही. बायका पाय आवळून उभ्या होत्या, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, एक म्हातारी कापडाच्या गाठीला धरून वाकली होती. हा काही तमाशा नव्हता, खरोखर लागली होती त्यांना. चाळीस मिनिटं झाली तरी रांग निम्मीसुद्धा सरली नव्हती.

मॅनेजरसाहेब तिथे आले तेव्हा त्यांचं ते गोड हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "किल्ली आणा! उघडा ती दारं!" ते शिपायावर ओरडले. मग त्यांनी रांगेकडे पाहिलं, एकेक चेहरा वाचत. त्यांना नाव हवं होतं. एक नाव सापडलं की बाकीचं सोपं असतं. त्यांची नजर रांगेच्या बाजूला, जाऊन आलेल्या धाकटीवर येऊन थांबली.

"कोणी सांगितलं तुम्हाला सगळ्यांना एकदम जायला? कोणाची कल्पना आहे ही?"

कॉलरमावशीनं तोंड उघडलं होतं. ताई मधे घुसली. इतके दिवस दाबून धरलं होतं, आता तिचा आवाज पटांगणभर गेला.

"मी सांगितलं! सहा वर्षं सांगतेय. दर तीन महिन्यांनी, तुमच्याच माईकवरून, तुमच्याच बाटल्यांवर छापून! आज ऐकलं त्यांनी. तुम्हालाच जागृती हवी होती ना? घ्या! झाली जागृती! आणि ते प्रमाणपत्र माझ्या हातचं आहे, ते खोटं आहे. मी कधी खाली उतरून बघितलंच नव्हतं. हे पण लिहा," ती वहीवाल्या तरुणाला म्हणाली. "बघितलं नव्हतं म्हणून लिहा. माझं नाव घालून."

मोठ्या मॅडम मागून म्हणाल्या, "तुला कळतंय का काय बोलतेयस?"

तिला फाटकाबाहेर काढलं. दंडाला धरून नाही, पण दोन्ही बाजूंनी दोघे रखवालदार चालत होते. ओळखपत्र मॅडमनी मागून घेतलं. मग ती रस्त्यापलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर, सहा वाजेपर्यंत बसून राहिली. रागही आता थकला होता. नोकरी गेली हे तिला माहीत होतं, पण डोक्यात एकच चाललं होतं, धाकटीला आत ठेवलंय की तिलाही हिशेब देऊन मोकळी करतायत?

सहाची घंटा झाली. बायका बाहेर पडल्या. धाकटी मावशीच्या हाताला धरून, हळूहळू चालत आली. ताई धावत गेली.

"काय झालं? काढलं का?"

"नाही. पाहुणे पाच वाजेपर्यंत बसून होते. काढणार कसं? आठही दारं उघडली, खोकी हलवली." धाकटीनं श्वास घेतला. "पास काढून टाकले सगळ्या खिळ्यांवरून. पुन्हा लावतील, पाहुणे गेलेत आता. मावशी म्हणते, लावू देत. उद्या पण पिऊ."

"उद्या, परवा, लावतील तितके दिवस," मावशी म्हणाली, आणि ताईच्या खांद्यावर थोपटून आपल्या वाटेला लागली.

"आणि तुझं?" ताईनं विचारलं. "पाठ? दुखतंय?"

धाकटी रस्त्यात उभी राहिली. आजूबाजूला माणसं होती, भाजीची गाडी होती, दोन रिक्षावाले होते. जन्मभर जी गोष्ट कुजबुजत सांगायची असते ती तिनं तिथे, भर रस्त्यात, मोठ्यानं सांगितली.

"मी आज चार वेळा गेले, ताई. चार वेळा!"

ताईनं तिचा हात धरला आणि तिला रडू फुटलं. हुंदके देऊन, लहान मुलासारखं. धाकटीनं तो हात सोडवून घेतला नाही, पण जवळही ओढला नाही.

"आता रडतेस," ती म्हणाली. "सहा वर्षांत एकदा जिना उतरली असतीस तर माझ्या दोन्ही चांगल्या असत्या."

"हो," ताई म्हणाली.

"चल," धाकटी म्हणाली. "आणि हळू चाल. दुखतंय मला."